कोरड्या गळ्यातलं गाणं

मोनाली : नाही आई, मी प्रार्थनेत उभी राहून साक्ष देणार नाही. तुम्ही द्या. नाहीतर पाळकसाहेबांना सांगा, दोन गीतं जास्त घ्या म्हणून.

चतुराबाई : अगं पर काऊन? चार वाजता सगळी मंडळी यायची. गंगापूरहून मव्हा भाऊ जीप करून निघालाय. उपकारस्तुती ठिवली कशापायी? मव्हा शांतवन पायावर उभा राह्यला म्हणून. अन् त्याची बायकोच तोंड उघडणार नाय व्हय?

मोनाली : तो कांदा इकडं द्या. मी चिरते.

चतुराबाई : कांदा राहू दे. सासू म्हणून नाय सांगत, पर लोकं काय म्हणतेल?

मोनाली : मी त्यांना सांगू काय, आई?

चतुराबाई : काय सांगू म्हंजे? जे झालं ते. पोळ्याच्या आठवड्यात एसटी डेपोत लावून घरी आला, म्हणला पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिशी पाय उचलंना. मंग हात. मंग श्वासबी घेता येईना. घाटीच्या दवाखान्यात मशीनवर ठिवला. डाक्टर म्हणले, आताच काही सांगता येत नाय. अन् तू रोज त्या दाराबाहेर डोळे मिटून बसायचीस. उपास धरलेस. प्रार्थना करकरून नवरा माघारी आणलास. एवढं सांग, बास.

मोनाली : तेच तर केलं नाही मी.

चतुराबाई : काय नाय केलं?

मोनाली : प्रार्थना. एकदाही नाही.

चतुराबाई : काय बोलती तू हे!

मोनाली : डोळे मिटून बसायचे, कारण उघडे ठेवले की लोक विचारपूस करायचे. उपास नव्हता आई, घास गिळवत नव्हता. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, सून उपास करते. मी गप्प बसले.

चतुराबाई : म्या कडूबाईला सांगितलं. पाळकबाईला सांगितलं.

मोनाली : माहीत आहे.

चतुराबाई : देवावर रुसली व्हतीस का? नवरा असा पडला म्हणून?

मोनाली : रुसले असते तर बरं झालं असतं. रुसायला समोर कुणी असावं लागतं. हे आजारपणाच्या आधीचं आहे. सगळं ठीक होतं ना, पोरगी पुण्याला नोकरीला लागली, घराला रंग दिला, कशाची म्हणून ददात नव्हती, तेव्हा सुरू झालं.

चतुराबाई : काय सुरू झालं?

मोनाली : काहीच नाही. म्हणजे तेच, आत काहीच नाही. सकाळी पवित्र शास्त्र उघडायचे तर अक्षरं दिसायची, नुसती अक्षरं. रविवारच्या शाळेत मुलांकडून गाणी म्हणून घ्यायची, टाळ्या वाजवायच्या. मुलं खूश व्हायची. आणि मला वाटायचं, आपण दुसऱ्याच्याच घरात बसून पाहुण्यांना चहा देतोय. घरचं माणूस कुठं गेलंय, ते आपल्याला ठाऊक नाही.

चतुराबाई : अन् मला एका शब्दानं बोलली नाय.

मोनाली : काय बोलू? तुम्ही पहाटे उठून प्रभूशी अशा बोलता, जसं काही तो चुलीपाशीच बसलाय. तुम्हाला काय कळलं असतं माझं?

चतुराबाई : आता मला राग आलाय. खरं सांगती.

मोनाली : येऊ द्या. मला तो चालेल.

चतुराबाई : मव्हं लेकरू तिकडं मशीनवर, अन् म्या गावाकडं चर्चच्या पायरीवर बसून म्हणायची, देवा, म्या म्हातारी, मव्हं नको ऐकू, पर त्या पोरीचं ऐक. ती दाराशी बसलीय, तिचं तरी ऐक. रोज म्हणायची गं. तुव्ह्या भरवशावर म्हणायची.

मोनाली : आई...

चतुराबाई : रडती काऊन? कांद्यानं का मव्ह्या बोलण्यानं?

मोनाली : दोन्हीनं.

शांतवन : अरे, काय चाललंय? खुशीचा दिवस आहे आज, आणि किचनमध्ये मातम?

चतुराबाई : काठी कुठंय तुव्ही? काठीबिगर आला?

शांतवन : भिंत आहे ना. भिंत धरत धरत आलो. जरा सरक, मला टेकू दे. सगळं ऐकलं मी. मधलं दार उघडंच आहे.

मोनाली : कुठपासून ऐकलंत?

शांतवन : दोन गीतं जास्त घ्या, तिथपासून.

मोनाली : मग बोला. तुम्हीही रागवा एकदाचे.

शांतवन : कशाला रागवू? तू तर गात होतीस.

मोनाली : मी? कधी?

शांतवन : मशीनवर होतो तेव्हा. पापणी उघडत नव्हती, बोट हलत नव्हतं, पण कान चालू होते माझे. सिस्टर लोक डब्यात काय आणलं ते बोलायच्या, तेसुद्धा ऐकू यायचं. आणि मग तू यायचीस. कानाशी वाकून गायचीस, पोराटोरांची गाणी. ते मेंढरू हरवलं ते. रोज तेच.

मोनाली : ते होय... सिस्टर म्हणाल्या होत्या, बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल. पहिल्या दिवशी बोलले. दुसऱ्या दिवशी बोलायचं संपलं. मग जे तोंडपाठ होतं ते म्हणत राहिले. त्यात काही नव्हतं हो. नुसती सवय.

शांतवन : तुझ्या मनात काय होतं ते मला कुठं दिसत होतं? मला गाणं ऐकू येत होतं.

मोनाली : पण मी...

शांतवन : थांब, बोलू दे. दम लागतो मला अजून. मी घाबरलो होतो, मोनाली. एवढी वर्षं कन्नडचा घाट उतरलो, धुक्यात, पावसात, पन्नास माणसं मागं घेऊन. कधी हात कापला नाही. आणि तिथं प्रार्थना सोड, मला देवाचं नाव आठवत नव्हतं. अंधार, आणि ती मशीन फुसफुस करायची. बस्स. मग तू सुरू करायचीस. मी मनात पुढची ओळ म्हणायचो. एक ओळ तुझी, एक माझी. तेवढ्यावर दिवस काढला मी. दुसऱ्या दिवशी परत.

चतुराबाई : माय माय...

शांतवन : फक्त एक ओळ तू दरवेळी गाळायचीस. असा राग यायचा, पण सांगणार कसं?

मोनाली : कुठली ओळ?

शांतवन : काट्यांतून सोडवलं, ती. मेंढरू हरवलं, धनी शोधायला निघाला, की तू एकदम घरीच न्यायचीस. मी आतून ओरडायचो, अगं, मेंढरू अजून काट्यांत आहे, घरी कसं गेलं?

मोनाली : ती ओळ फार उंच जाते. मुलांना जमत नाही म्हणून आम्ही सोडतो.

शांतवन : मुलांचं मुलांपाशी. मला पाहिजे होती ती.

मोनाली : हसू नका हो, ठसका लागेल. इतके दिवस का नाही सांगितलंत हे?

शांतवन : मला वाटलं तुला माहीतच आहे. गायलीस तर तूच.

चतुराबाई : म्हंजे त्याला देवाचं नाव आठवंना, अन् हिला प्रार्थना सुचंना. अन् गाणं मात्र रोज चालू.

शांतवन : व्हय आई. रोज.

चतुराबाई : मोनाली, मव्हा राग काही पुरता गेला नाय. पर चार वाजता उभी राह्य, अन् हेच सांग.

मोनाली : मंडळीसमोर? मी मुलांना शिकवते, आई. लोक मुलं पाठवायची बंद करतील.

चतुराबाई : खोटी साक्ष दिलीस तर म्या उठून जाईन. अन् दिलीच नाय, तर म्या कडूबाईला जे सांगितलं ते खोटं तसंच राह्यलं. त्या उपासातून मला बी सोडीव की.

(संध्याकाळी. मंडळी पांगली आहे. तिघं स्वयंपाकघरात, शांतवन खुर्चीत, चतुराबाई चुलीशी.)

शांतवन : मटणाचा खलिया संपला? एक बोटीसुद्धा नाही?

चतुराबाई : गंगापूरवाल्यांनी भांडं पुसून खाल्लं. पिठलं टाकलंय, भाकर थापती. बस गुमान.

मोनाली : चंपाबाई सलामही न करता गेल्या, आई.

चतुराबाई : तिची नातवंडं तुव्ह्यापाशी शिकत्यात. तिला वाटलं असंल, बाईच कोरडी, तर लेकरांना काय पाजणार. येईल ती. नाय आली तर म्या जाईन तिच्या घरी.

शांतवन : आणि कडूबाई? तिच्याकडं बघायची माझी तर हिंमत झाली नाही.

चतुराबाई : ती म्हणली, चतुरे, तुव्ही सून उपाशी म्हणून म्या बी तवा उपास धरले, शुगरच्या गोळ्या चालू असताना. मेले व्हते भुकेनं. म्या म्हणलं, चुकलं बाई मव्हं. तर हासाय लागली. म्हणली, असू दी, पोरगा चालतोय ना.

मोनाली : असं म्हणाल्या त्या?

चतुराबाई : म्हणली, अन् दोनदा भात घेतला.

मोनाली : पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं होतं. मला वाटलं, वर्ग काढून घेतात.

शांतवन : मग?

मोनाली : चप्पल घालत घालत म्हणाले, मोनालीताई, मलाही होतं असं. कधी कधी महिने जातात. मी कुणाला सांगत नाही. येत्या रविवारी तुमच्या मुलांच्या वर्गात मागं बसेन म्हणतो, चालेल का?

शांतवन : तू काय म्हणालीस?

मोनाली : म्हटलं, या. चटईवर बसावं लागेल.

चतुराबाई : बसंल की. त्याला काय झालं?

मोनाली : आई, मी उभी राहिले तेव्हा एवढंच म्हणायचं ठरवलं होतं की मी मागितलं नाही, तुम्ही मागितलंत. एवढं बोलून खाली बसायचं. पण समोर एकेक तोंड दिसायला लागलं. सत्यभामाकाकू, त्यांचे गुडघे गेलेत, तरी डबा घेऊन दवाखान्याचा जिना चढून यायच्या. शेजारच्या आपा, त्यांनी आमच्या कुंड्यांना पाणी घातलं, आम्हाला पत्ताही नव्हता. सगळे असेच बसलेले, मांडीवर हात ठेवून. आणि मला आतून...

शांतवन : काय?

मोनाली : मोठं काही नाही हो. उपकार वाटले. किती दिवसांनी. एवढे वाटले की ते कुणाला तरी सांगावेसे वाटले, माणसांना सांगून पुरेनात. आणि सांगायला गेले, तर प्रभू होता. कुठं गेलाच नव्हता जसा काही.

चतुराबाई : मंग?

मोनाली : मग काही नाही. बसले खाली. उद्या परत कोरडं वाटेल कदाचित.

चतुराबाई : वाटंल. मला बी वाटतं कवाकवा. म्या पहाटे मोठ्यानं बोलती ते काय उगं? मनातल्या मनात बोलाय गेलं की झोप येती मला.

शांतवन : आई!

चतुराबाई : काय आई? खरं तेच सांगती. घ्या ताटं. भाकर गरम हाय. शांतवन, प्रार्थना कर, थोडक्यात कर.

मोनाली : मी करते.

चतुराबाई : कर बाई.

मोनाली : प्रभू... आज आम्ही तिघं जेवायला बसलोय. तिघं. ...पुढचं सुचत नाही, आई.

शांतवन : आमेन म्हणू का मी?

चतुराबाई : गप रे. मोनाली, बस तू तशीच. भाकर निवली तर निवू दी.