विषय: वाट पाहणं

पावाच्या रांगेपाशी येऊन नेरेइदाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "शेवटचं कोण?" गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका बाईने मागे न बघताच हात वर केला आणि मैत्रिणीशी बोलणं पुढे चालू ठेवलं.

"या महिन्याला आमच्या फोटो क्लबने विषय दिलाय, 'वाट पाहणं'. इदाल्मिस, अख्खं हवाना पालथं घातलं, पण एक फोटो सुचेल तर शपथ!"

"मीर्ता, आपण इथे कधीपासून उभ्या आहोत गं?"

"झाले असतील दोन तास. का?"

"काही नाही. बोल तू."

"शेवटी म्हटलं, आपलं घरच काय वाईट आहे? निळं दार, चारचं ऊन आणि दारात रिकामी खुर्ची. पण खुर्ची रिकामी मिळेल तर ना!"

"का?"

"आई बसलेली असते. माझा भाऊ ओस्मानी मायामीला गेला, तेव्हापासून रोज दुपारी तिथेच. अकरा वर्षं झाली, ढिम्म हलत नाही. माझी सगळी फ्रेम बिघडवते."

"मग आता गं?"

"आज शेजारी कॉफीला पाठवलंय तिला. अगंबाई, चार वाजत आले! ऊन जाईल."

मीर्ता नेरेइदाकडे वळली.

"ताई, मी तुमच्या पुढे आहे हं, लक्षात ठेवा. आलेच फोटो काढून."

ती पळत सुटली. इदाल्मिसने मागून ओरडून विचारलं,

"अगं, पण म्हातारी उठली कशी?"

"तिला म्हटलं, तू जा, तो आला तर मी हाक मारते!"