बाहीवरचं खवलं

आमचं गाव रेवदंड्याजवळ, खाडीच्या तोंडाशी. बाप होडीवर आणि आई बाजारात मासळी विकायला, मी पाचवीत असताना आईचा गुडघा गेला, मग शाळेची पाटी गेली आणि मासळीची पाटी माझ्या डोक्यावर आली. तेव्हापासून डोळे मिटून वासावर मासा ओळखते मी, ताई, खोटं नाही सांगत. वाचायची मात्र भीती अजून आहे, घरी कागद आला की वाटतं, इथं राहायच्या परमिटचं तर काही नसेल ना.

आमचे हे आयर्लंडात, वेक्सफर्डला इंडियन हॉटेलात शेफ म्हणून आले, मागून मला आणलं. मी नर्सिंग होमच्या लाँड्रीत लागले. शिक्षण नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, तरी तिथल्या मोठ्या बाईनं ठेवून घेतलं, चुकले तरी यू आर ग्रँड म्हणते, म्हणजे काही बिघडलं नाही, तिचं भलं होवो.

सोमवारी हॉटेल बंद. तर हॉटेलात भाजी आणून देणारा डेक्लन म्हणून म्हातारा आहे, त्यानं ह्यांना किनाऱ्यावर न्यायला सुरुवात केली. लाटांत मांडीभर पाण्यात उभं राहून रॉडनं गळ फेकायचा, बास नावाचा मासा पकडायचा, दिसायला थेट आपला जिताडा. उन्हाळाभर गेले, मी बोलले नाही. नोव्हेंबर आला, बोटं निळी पडायला लागली, तरी जातातच, डेक्लन म्हणतो मोठे मासे आत्ता शेवटीशेवटीच येतात. आणि घरी एक शेपूट नाही. विचारलं की म्हणायचे, आज काही लागलं नाही गं.

आता तुम्हीच सांगा, काही लागलं नाही तर जॅकेटच्या बाहीला खवलं कुठून येतं? नखाएवढं, चकचकीत. हाताला वास. हे मी लाँड्रीतल्या ब्रीडाला सांगितलं तर ती म्हणाली, युवर मॅनचं दुसरीकडे किचन असेल, आणि खो खो हसली. मी नाही हसले. हॉटेलात वाढायला नवी मुलगी आली होती, नागपूरची, मोकळे केस, फिश म्हणजे तिचा जीव की प्राण. माझा जिताडा तिच्या कढईत, एवढंच दिसायला लागलं मला. मी इथं आहे ती ह्यांच्या कागदांवर, ताई, ह्यांनी हात सोडला तर मी कुठं जाणार?

पुढच्या सोमवारी सुट्टी घेतली. ब्रीडानं गाडीतून नेलं, तिला मजा बघायची होती. वाळूच्या टेकाडाआडून बघतो तर हे पाण्यात, रॉड वाकलेला. हातभर लांब मासा निघाला. ह्यांनी उथळ पाण्यात येऊन गळ काढला, गुडघ्यावर बसले, एक हात त्याच्या पोटाखाली, एक शेपटीपाशी, आणि पाण्यात धरून हळूहळू पुढंमागं करत राहिले, दमलेल्या माणसाला सावरावं तसं. काहीतरी बोलतही होते. मग सोडला, आणि गेला तिकडं बघत बसले.

ब्रीडा म्हणाली, बघ, बाई नाही, काही नाही, जा आता सुखानं. पण माझे डोळे ह्यांच्या हातांवरच. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या पाठीला असा हात लावला कधी? विमानतळावर घ्यायला आले तेव्हा आधी बॅग उचलली.

तशीच खाली गेले. म्हटलं, खोटं का बोललात? हे दचकले. म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. आठवडाभर मेलेलंच कापतो गं, हे एवढं सोडावंसं वाटतं. मी म्हटलं, पुढचा माझा. डेक्लन म्हणाला, दिवसाला दोन ठेवायची मुभा आहे. तासाभरानं लागला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी नजर हटवली नाही.

घरी येऊन कालवण केलं. ह्यांनी लोणच्याशी भात खाल्ला. मी एकटीनं संपवला तो मासा, डोकंसुद्धा चोखून.

आता मीही जाते सोमवारी, चहाचा थर्मास घेऊन. माणूस चांगला आहे, देवानं इथवर आणलं, तक्रार कसली करायची. वाळूत उभी राहून बघते. सोडायला फार वेळ लावला की हाक मारते, अहो, पाणी गार आहे, पुरे झालं, सोडा आता तिला.