पोटाले थँक्यू

इतवारीहून बेसाकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन शेजारणी बोलत होत्या. एक पन्नाशीपुढची, दुसरी तिच्याहून बरीच तरुण.

"सिंधूताई, भाऊजी रोज सकाळी बनियन वर करून गॅलरीत काय करून राहिले असतात?"

"पोटाची मालिश. मोबाइलवर पाहून शिकले. तिळाचं तेल लावाचं, बेंबीभोवती हात गोल गोल फिरवाचा, अन् मग पोटाले थँक्यू म्हणाचं."

"पोटाले? काहून वं ताई?"

"जन्मभर आपलं जेवण पचवते म्हणून."

"अन् रांधते कोण?"

"मी. तीस वर्षं झाली."

"तुम्हाले कधी म्हटलं थँक्यू?"

"मीठ कमी आहे, एवढं म्हटलं."

"मग?"

"काल गॅसच पेटवला नाही. म्हटलं, ज्याले थँक्यू म्हटलं, त्यालेच जेवण मागा."

"मग उपाशी राहिले?"

"राहतात कुठं. अर्ध्या घंट्यात किचनमध्ये येऊन मले थँक्यू म्हणाले."

"चला, सुधरले."

"कायचे सुधरले वं कामिनी. थँक्यूनं माझं पोट भरते काय? कणकेची परात पुढं सरकवली. म्हटलं, हात गोल फिरवाले तर शिकलेच आहात."