आमच्या ह्यांच्या कानातली फर्र

…नाही, तुम्हीच सांगा मला, नवऱ्याच्या फाटक्या बनियनची गोष्ट ही काय गल्लीला सांगायची गोष्ट आहे का हो? पण आमचे हे ओट्यावर बसलेले, कानांवर ते नवे हेडफोन, आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवलेला, आणि तिथून हाक, "कोकिळाऽऽ! मनी ती भोकं पडेल बनियन कोठे शेऽऽ?" स्वतःला काही ऐकू येत नाही ना, म्हणून यांना वाटतं जगालाच ऐकू येत नाही! मी गॅसपुढून ओरडले, "दोरीवर!" यांना नाही ऐकू आलं. समोरच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, दोरीवर शे!" नाही ऐकू आलं. शेवटी रस्त्यानं सायकलवर चाललेला एक अनोळखी माणूस थांबून म्हणाला, "दोरीवर शे, बाबा!" आणि गेला निघून. आता एरंडोलात असा एक माणूस राहिला नाही ज्याला आमची बनियन कुठं वाळते ते माहीत नाही. मी हात जोडून म्हटलं, "अहो, आवाज कमी करा!" पण माझं ऐकतंय कोण? कानांवर तर ते!

आता हे कोण, तर रुपचंद ढोलवाले. सव्वीस वर्षं बँडमध्ये मोठा ढोल वाजवला यांनी. एरंडोल, धरणगाव, पारोळा, पार धुळ्यापर्यंत! लग्न कुणाचंही असो, नवरदेवापेक्षा घाम यांना जास्त. दोन वर्षांपूर्वी कंबर गेली, डॉक्टर म्हणाले आता गळ्यात ढोल नाही म्हणजे नाही. तेव्हापासून तो ढोल पुढच्या खोलीत खुंटीला. रोज संध्याकाळी हे ढोलाकडे बघतात, मी यांच्याकडे बघते, आणि ढोल काही कुणाकडे बघत नाही.

तर आमची मोहिनी यंदा पुण्याला नोकरीला लागली. पहिला पगार झाला आणि पोरीनं बापाला हेडफोन पाठवले. आईला साडी, बापाला हेडफोन. वर फोन केला, "पप्पा, पसंत नसले, काही खराब असलं, तर रविवारपर्यंत परत घेतात ते. पण खरं सांगायचं हं!" आणि त्याच्याबरोबर मोबाइलवर एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. आमच्या गल्लीतल्या सुपडूआबांच्या पोराची वरात, तेरा वर्षांपूर्वीची. मोहिनी तेव्हा नऊ वर्षांची, मामाचा मोबाइल हातात धरून तिनं बापाचा ढोल पकडून ठेवला होता, आणि तेरा वर्षं तो जपला होता, बघा! आम्हाला पत्ता नाही.

आणि तुम्हाला सांगते, यांना त्याचं किती वाटलं, ते का वाटलं, हेही सांगायला पाहिजे. पोरगी पाचवीत असताना कुणीतरी तिला बँडवाल्याची पोर म्हणून चिडवलं, ती रडत घरी आली. एकदाच. पण त्या दिवसापासून वरात शाळेवरून जायची असली की हे टोपी खाली ओढायचे आणि ढोल घेऊन रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सरकायचे. पोरीला आपली लाज नको वाटायला. ती कधी बोलली नाही, यांनी कधी विचारलं नाही. बारा वर्षं ते मनातल्या मनातच राहिलं.

तर लावले हेडफोन! पहिली दोन मिनिटं काय चेहरा होता हो यांचा… लग्नात नव्हता तसा! आणि मग वरात चौकात आली, यांच्या ढोलावर काठी पडली, आणि कानात फर्रर्र! पुन्हा काठी, पुन्हा फर्रर्र! आत बसून कुणीतरी धोतर फाडतंय! हे उठून उभे राहिले. "कोकिळा, माझा ढोल असा नव्हता गं. माझा ढोल असा वाजत नव्हता!" रडवेले झाले होते, खोटं कशाला सांगू.

मी लगेच म्हटलं, "अहो, आवाज कमी करून बघा." तर माझ्यावरच उखडले! "सव्वीस वर्षांत वरातीतला एक माणूस मला म्हणालाय का, रुपचंद, आवाज कमी कर? फक्त पोलीस म्हणायचे! तू काय पोलीस शे का?"

पोरीलाही सांगेनात. "पहिल्या पगाराची वस्तू खराब निघाली म्हणून सांगू तिला? किती हौसेनं घेतली असेल!" बरं, नाही सांगावं तर रविवार निघून जाणार, आणि मग जन्मभर फर्र. आणि पोरीचा रोज फोन, "पप्पा, कसे आहेत?" आणि हे छातीवर हात ठेवून ओरडताहेत, "एकऽऽ नंबऽऽर!" फोन ठेवला की तोंड एवढंसं. मग म्हणाले, "मी बघतो. दोन कानांना दोन छोटे ढोलच तर शेत ते. ढोल दुरुस्त करायला मला कोण शिकवणार?"

आणि मग काय केलं असेल या माणसानं? तुम्हाला सांगून खरं नाही वाटणार. ढोल फर्र करायला लागला की त्याचं पान, म्हणजे कातडं, सैल पडलेलं असतं, ते तापवायचं, की ताणतं. हे बँडवाल्याच्या पोटातल्या पोरालाही माहीत. तर यांनी हेडफोन तापवायला ठेवले! गच्चीवर! एप्रिलचं ऊन, तेही आपल्या जळगाव जिल्ह्याचं, जिथं दुपारी बाराला कावळा सावली सोडत नाही! माझ्या कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या मधोमध जागा करून हे हेडफोन ठेवले, आणि छत्री घेऊन राखण करत बसले. मी म्हटलं, "कुरडया राखताय का?" तर म्हणाले, "पान ताणू दे." दोन तासांनी उचलले आणि तसेच कानाला लावले, आणि मग जे नाचले म्हणता… सव्वीस वर्षं दुसऱ्यांना नाचवलं, त्याची भरपाई एका मिनिटात झाली! कान लाल, कपाळ लाल, आणि फर्र? फर्र होती तिथेच. "अहो, आवाज कमी…" पण माझं ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी सुपडूआबा आले. वय शहाऐंशी, सल्ला न मागता. त्यांनी एक मिनिट लावून ऐकलं, डोळे मिटले, मान हलवली, आणि म्हणाले, "रुपचंद, वाजंत्री झकास शे. पन वरातमा टॅक्टर कोनी आना रे?" म्हणजे पोराच्या वरातीत ट्रॅक्टर कुणी आणला! मग निदान केलं. "दोष यंत्रात नाही, तुझ्या कानात शे. लसणाचं तेल घाल." आणि घातलं हो यांनी! लसूण कढवून, कोमट करून, दोन्ही कानांत, आणि वर हेडफोन! फर्र गेली नाहीच, पण आता त्या हेडफोनला फोडणीचा वास! मी म्हटलं, परत पाठवले तर उघडणाऱ्याला वाटेल कुणी वरण पाठवलं.

शुक्रवार उजाडला. हे आता कासावीस. आणि गेले कुणाकडे? तर आतिफकडे! आतिफ कोण, तर गावातला डीजेवाला. ज्याच्या भिंतीएवढ्या पेट्यांमुळे बँडला सुपारी मिळेनाशी झाली, तो आतिफ! त्याच्या दारात हे कधी उभे राहिले नव्हते. पण पोरीच्या वस्तूसाठी गेले, मान खाली घालून. तो बिचारा चांगला हो, "काका, या, बसा," म्हणाला, हेडफोन लावले, मोबाइलमध्ये कुठंतरी आत आत गेला, आणि म्हणाला, "काका, इसमें बास ही कम है! डीजेका सेटिंग लगा देता हूँ." आणि सगळा बास वर! घरी येऊन यांनी लावलं, आणि आता फर्रसुद्धा राहिली नाही. आता नुसती पातेली पडत होती जिन्यावरून, एकामागून एक! मला शेजारच्या खोलीत ऐकू आलं. मी दाराशी येऊन खुणेनं सांगितलं, तळहात असा खाली खाली करून, आवाज… कमी… करा. यांना वाटलं मी बसा म्हणतेय. हे बसले.

शनिवारी मीच चप्पल घातली. म्हटलं, चला, नूर महंमद चाचांकडे. बसस्टँडमागे चाचांचं दुकान आहे, चाळीस वर्षं रेडिओ, टेप, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करतात. बोलतात फार कमी. हे त्यांना सगळं सांगत होते, ऊन, तेल, आतिफ, आणि चाचा आपले डोळ्याला भिंग लावून, हातात पेचकस घेऊन हेडफोन चारी बाजूंनी बघताहेत. एकदा नुसता वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लसूण." ते "हं" म्हणाले. मग स्वतःच्या कानाला लावून ऐकलं. मग स्वतःचे जुने हेडफोन काढले, त्यांच्यावर ऐकलं, तेवढ्याच जोरात, फर्र! मग मोबाइल दुसरा घेतला, फर्र! गाणं दुसरं लावलं, फर्र! यांचा जीव टांगणीला. आणि चाचांनी काय केलं माहितीये? पेचकस खाली ठेवला. आतिफनं वर केलेला बास बंद केला. आणि अंगठ्यानं, नुसत्या अंगठ्यानं हो… आवाज निम्म्यावर आणला. आणि म्हणाले, "रुपचंद, इसमें कुछ खराब नहीं है. इतक्या जोरात लावलं तर कोणतंही फाटणार. ये कान पे लगाने की चीज है, बरातके आगे चलाने की नहीं."

आणि हे काय म्हणाले? "बघ कोकिळा, याला म्हणतात कारागीर!" अहो, मी दहा दिवस काय सांगत होते? पण माझ्या हातात पेचकस नव्हता ना! लाटणं होतं!

लावले यांनी हेडफोन. ढोल सुरू झाला. आणि मी बघत होते, यांचं एक बोट मांडीवर ताल धरायला लागलं. फर्र नव्हती. यांचाच ढोल, गोल, भरीव, सव्वीस वर्षांचा. आणि मग एकदम बोट थांबलं. चेहरा असा झाला की मी घाबरले, म्हटलं, पुन्हा बिघडलं की काय! चाचा म्हणाले, "आवाज बढाऊँ?" तर हे केवढे दचकले, "नको! हात लावू नका! आहे तेवढाच राहू द्या!" आणि हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले.

मी ऐकलं. ढोल वाजतोय, माणसं ओरडताहेत, आणि अगदी जवळ, मोबाइल धरला होता ना तिनं, म्हणून अगदी तोंडाजवळ, एका पोरीचा आवाज. आमच्या मोहिनीचा, नऊ वर्षांच्या. बाजूच्या पोरींना सांगत होती, "तो ढोलवाला शे ना, तो मना पप्पा शे! बठ्ठास्मा मोठा आवाज त्यानाच शे!"

सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच आहे म्हणे. आणि दहा दिवस त्याच मोठ्या आवाजाखाली पोरीचा शब्द दबून गेलेला. मी तर तिथेच पदर डोळ्याला लावला, मला नाही आवरत. यांनी चाचांच्या पंख्याकडे बघत नाक ओढलं. चाचांना काही कळलं नाही, पण त्यांनीही भिंग पुसलं.

तिथूनच मोहिनीला फोन लावला. हे म्हणाले, "परत नाही करायचे गं." एवढं हळू, की पोरगी घाबरली! "पप्पा, बरं नाही का? एवढं हळू का बोलताय?" यांनी ते ऐकलेलं सांगितलं, तिचं बोलणं. ती म्हणाली, "हो मग? होताच ना तुमचा मोठा!" आणि जरा थांबून म्हणाली, "नंतर तुम्हीच शाळेपाशी पलीकडे सरकायचे. मला वाटायचं, मी मैत्रिणींना दाखवलेलं तुम्हाला आवडत नाही." घ्या! बाप तिकडून लाजतोय, पोरगी इकडून, आणि मधोमध अख्खी वरात! हे? नुसतं "हां… हां बेटा…" करत राहिले, आणि दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर पुन्हा ताल धरायला लागलं.

तर झालं सगळं छान. देवाला नारळ फोडला. आता हे रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात, निम्म्या आवाजात ऐकतात, ओरडत नाहीत, बनियन स्वतः शोधतात. गल्ली सुखी. फक्त एक झालं…

खरं सांगू? ते हेडफोन फुल असायचे ना, ते दहा दिवस माझ्या संसारातले सोन्याचे दिवस होते हो! सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी भाकरी थापता थापता मोकळेपणी बोलून घेतलं, यांच्या कंबरेवर, यांच्या अकलेवर, यांच्या बहिणीवर, सगळ्यांवर! आणि परवा सवयीनं पुटपुटले, "तापवा अजून हेडफोन, बहिणीचाच भाऊ!" तर ओट्यावरून, कानांवर हेडफोन असताना, अगदी शांतपणे आवाज आला, "अक्काला काय म्हणालीस?"

काय करणार! मीच म्हणत होते ना, आवाज कमी करा, आवाज कमी करा… केला त्यांनी. आता माझा मला कमी करावा लागतोय.