रेडिओतला पाऊस आणि माझ्या कुरडया

आमच्या ह्यांना आभाळापेक्षा रेडिओचं जास्त खरं वाटतं बघा. त्या उन्हाळ्यात मी गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून गच्चीभर कुरडया घातल्या. दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. म्हटलं, "अहो, उठा की, कुरडया उचलू!"

हे जागचे हलेनात. "अगं, पाऊस डोंगराळ भागात आणि खोऱ्यांत सांगितलाय. सोलापुरात डोंगर कुटं हाय? खोरं कुटं हाय?"

एवढ्यात वळीव असा कोसळला, की कुरडयांचा परत चीक झाला.

आणि हे दारात उभे राहून म्हणतात, "हा आपला पाऊस न्हायच. डोंगरातला हाय, वाट चुकलाय."

म्हटलं, "मग जा, घाटापर्यंत पोचवून या त्याला. आणि येताना गहू घेऊन या!"