पुनर्जन्माला दिलेले टीव्ही

मी मूळची आष्टीची. आमी लिंगायत वाणी, वडलांचं किरान्याचं बारकं दुकान, अन् मला दिली धारूरला, रेडू-टीव्ही दुरुस्त करनाऱ्याच्या घरात. आई म्हनली, पोरगी गूळ-शेंगदान्यात वाढली अन् तारात चालली. तारातच आले बगा. किल्ल्याकडं जानाऱ्या वाटंवर दुकान, म्होरं दुकान अन् मागं आमी ऱ्हायचो, मधी नुसता पडदा. लगीन होऊन थोडे दिवस झाले न झाले तोच मालकांनी माझ्याम्होरं कॉयल भरायचं हातमशीन ठेवलं, म्हनले, महानंदा, तुझी बोटं बारीक हायती, ही तार केसासारखी ऱ्हाती, माझ्या हातून तुटती. तवापसून मी कॉयल भरते. ट्रान्सफार्मर जळाला की आतली काळी तार उलगडून काढायची अन् नवी गुंडाळायची, एकाला एक चिकटून, मधी कागद. सासू म्हनायची, सून वाती वळंना, तारा वळती. म्हनू दे. खाताना तारंचीच भाकर गोड लागायची की त्यांनाबी.

आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते तुमाला. दुकानात टीव्ही आला की त्याला कंपनीचं नाव ऱ्हात न्हाई, ज्याचा त्याचं नाव. हे बाहेरून आवाज द्यायचे, पाटील झाला का गं? मी आतून म्हनायची, पाटील वाळायला ठेवलाय, हेडमास्तर भरतीय. एकदा माहेरचे पाव्हने आत चहा पीत बसलते अन् हे बाहेरून म्हनले, तलाठीनबाई गरम झाली की बोलायची बंद हुती, जरा मागून उघडी ठेव तिला. पाव्हन्याच्या हातातली बशी हिंदळली ना धोतरावर! मग मी सांगितलं टीव्हीचं हाय म्हनून, तर लई हसले, रडूस्तोवर हसले.

आमचा घरचा टीव्ही तर यांनीच बनवलेला. पेटी गल्लीतल्या सुतारानं केलती, सामान हैदराबादेहून आनलं, कॉयल माझ्या हातची. पैल्यांदा चित्र आलं तवा नुसत्या मुंग्या दिसत होत्या, तरीबी आमी दोघं त्या मुंग्या बगत बसलो. काय सांगू तुमाला, तसलं सुख परत न्हाई.

मग ते कलरचं आलं, केबल आली, गल्लीत वायरीच वायरी. माझा दीर बसू, ह्यांचा धाकटा भाऊ, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्यानं बीडला शोरूम टाकली. बसू वाईट न्हवता, कपडे चांगले घालायचा अन् बोलायचा गोड, येवढंच. एक साल दसरा जवळ आलता, तवा तो कंपनीच्या साहेबाला घेऊन आला. तरनं पोरगं, पुन्याकडचं, गळ्यात टाय. आमच्या दुकानाम्होरं कापडी बोर्ड लावला, त्याच्यावर हिरवं पान अन् लिहिलेलं, जुना द्या, नवा न्या, जुन्या टीव्हीला पुनर्जन्म, धरतीमाय वाचवा. साहेब ह्यांना म्हनले, काका, काहीच वाया जाणार नाही, सगळं पुन्हा कामाला येणार, शाळेतल्या मुलांच्या कामाला येणार. आता ह्याचा अर्थ आमी काय लावनार? जुना टीव्ही शाळंत बसनार. तुमीबी हेच समजला असता.

लोकांचा कंपनीवर भरवसा न्हवता. भरवसा ह्यांच्यावर. जो तो येऊन ह्यांना इचारायचा, आप्पा, देऊ का? हे म्हनायचे, द्या, मी जबान देतो, लेकरं बगतील. अन् जबान दिली म्हनून त्या मानसानं काय करावं? आलेला येक येक टीव्ही उघडला. म्हनले, शाळंत बंद पडला तर डोंगरात कोन हाय दुरुस्त करायला? ज्याचा आवाज न्हाई त्याला आवाज, ज्याचं चित्र हलतंय त्याचं चित्र थांबवलं, फुकट, पदरचं सामान घालून. मी म्हनले, अहो, देऊनच टाकायचेत ना? तर माझ्यावरच चिडले, देऊन टाकायचे म्हनजी मोडके द्यायचे व्हय? मीबी मग कॉयला भरत बसले. पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या ह्यांनी, गुरुजी, हा तापला की थोडा येळ बंद ठेवा. आमचा घरचाबी दिला. मला वाईट वाटलं, पर लेकरांसाठी चाललाय म्हनलं.

आमच्या गल्लीत तानूबाई, बाजारात लसूण-मिरच्या विकनारी, नवरा मागंच गेलेला, मूलबाळ न्हाई. तिच्याकडं भावानं दिलेला काळापांढरा टीव्ही होता, रातदिस तोच सोबतीला. तिची नवा घ्यायची काय ऐपत न्हवती, तिनं नुसताच दिला. मी म्हनले, कावून देती गं, तुला काय मिळनार? ती म्हनली, मला लेकरू न्हाई, माझा टीव्ही तरी शाळंत जाईल. असं म्हनून त्याच्या डोक्यावर साखरंची चिमूट ठिवली, जसं पोराला शाळंत घालताना तोंड गोड करत्यात तसं. बाकीच्या बायांनीबी कुंकू लावलं, कुनी झेंडूचं फूल खोवलं. टीव्ही निघाले की नवऱ्या निघाल्या, कळना झालं.

टेंपो आला खंडेनवमीला. सकाळी आमी हत्यारं पुजलीती, पक्कड, मीटर, माझं मशीन, समदं पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. मला दसऱ्याला माहेरी जायचं होतं, आष्टीची गाडी मांजरसुंब्याला मिळती, म्हनून मीबी टेंपोत बसले. हे आले ते कशाला, तर कोनचा टीव्ही कसा चालवायचा ते साहेबाला समजून सांगायला. केज मागं पडलं, नेकनूर मागं पडलं, हे खुशीत. म्हनले, यातला येखादा धारूरच्याच डोंगरात येईल बग परत.

मांजरसुंब्याला ढाब्यांच्या मागं येक पत्र्याचं गोडाऊन होतं. आत चार-दोन मानसं घन घेऊन उभी. मला वाटलं बांधकाम चाललंय. अन् टेंपोतून पैला टीव्ही उतरवला तो खाली ठिवला न् येकानं घनच घातला त्याच्या तोंडावर. काच अशी उडाली, त्या मानसाच्या मनगटातून रगत. हे ओरडले, अरे चालू हाय बे तो! पळत साहेबाकडं गेले, म्हनले, साहेब, काहीतरी घोटाळा हुतोय, हे समदे चालू हायेत, मी सोता बसून केलेत, लावून बगा.

साहेब चिडलं न्हाई. गोड आवाजात म्हनलं, चालू आहेत म्हणूनच फोडायचे, काका. नाहीतर कोणीतरी परत विकणार, तो आणखी दहा वर्षं चालणार, मग नवा कोण घेणार? काच वेगळी, तांबं वेगळं, लोखंड वेगळं, वितळवून नवीन वस्तू होते, हाच पुनर्जन्म. अन् ह्यांनी इचारलं, शाळा? तर म्हनलं, विक्रीतून शाळांना वह्या देतो ना आम्ही.

बसूबी आलता, तितंच उभा. ह्यांनी त्याच्याकडं बगितलं, त्यानं जमिनीकडं. मग हे म्हनले, बरं, माझा घरचा तेवढा देता का? साहेब म्हनलं, नंबर लिहिला गेलाय काका, आता नाही देता येत. मी म्हनले, चला हो घरी, इथं थांबू नका. पर तो मनगट कापलेला मानूस घन उचलून दुसऱ्या टीव्हीकडं निघालता. हे म्हनले, थांब. असं करशील तर डोळे जातील तुझे. आत हवा नसती, आधी मागचं टोक मोडून हवा आत सोडावी लागती.

अन् त्या मजुराकडून पक्कड घेतली. खंडेनवमीच्या दिवशी. येकेक टीव्हीची पाठ उघडायची, पिक्चर ट्यूबच्या मानंचं टोक मोडायचं, सुस्स करून आवाज यायचा, अन् मग बाजूला व्हायचं. तोंडातल्या तोंडात नाव घेत होते, पाटील. हेडमास्तर. तलाठीनबाई. आमच्या घरच्याकडं आले तवा मी हात धरला, म्हनले, हा तरी तुमी नका करू. तर म्हनले, दुसऱ्याच्या हातून नको गं. तानूबाईचा राहिलता शेवटी. साखरंला मुंग्या लागलत्या. हे त्या मुंग्या फुंकून काढत बसले, लई येळ, अन् मग मोडलं टोक.

मी आष्टीला गेले न्हाई. घरी आलो तर पाटावर हत्यारं तशीच. दुसऱ्या दिवशी उचलायची असत्यात, ह्यांनी उचलली न्हाईत. मी माझं मशीन उचललं, पोट हाय ना, पान्याच्या मोटारीच्या कॉयला भरून संसार वडला. बसू आला आपट्याची पानं घेऊन, पाया पडला, रडला, म्हनला दादा, मला ठाऊक न्हवतं. खरं का खोटं देवाला ठाऊक. ह्यांनी सोनं घेतलं. पुढं त्याच्या शोरूमचे टीव्ही बंद पडू लागले, लोक ह्यांच्याकडं आनायचे, तर हे हात जोडायचे. त्या हातांनी परत येक स्क्रू फिरवला न्हाई त्या मानसानं. जिता मानूस, पर टोक मोडलेल्या ट्यूबवानी.

सगळ्यात वाईट काय, तर लोक इचारायचे. आप्पा, आमचा कोन्त्या शाळंत लागला? बाकीचे येक-दोनदा इचारून इसरले, घरी रंगीत आलता. तानूबाई इसरंना. बाजारातून येताना रोज थांबायची, आप्पा, चालू हाय ना? हे म्हनायचे, चालू हाय माय. ह्यांनी तिच्यासाठी येक जुना टीव्ही पैदा केला, तर तिनं घेतला न्हाई, म्हनली, मला कशाला, माझा लेकरांत हाय.

हे गेले. बसवून समाधी दिली, आमच्यात तशीच देत्यात. जायच्या आधी बोलनं तुटलं होतं, तरी मला म्हनले, तानूला सांगू नको.

आता तानूबाई पार वाकलीय, दिसत न्हाई तिला, काठी टेकत येती अन् मला इचारती. मी म्हनते, चालू हाय गं. ती म्हनती, गुनाचं निघालं. तुमी आलात, बसलात, समदं लिहून घेतलं, देव तुमचं भलं करो, लेकरंबाळं सुखी ऱ्हावोत. छापायचं तर छापा बाबा. फकस्त तिच्या भावाची नात शिकलेली हाय, तिच्या हाती जाऊ देऊ नका, ती म्हातारीला वाचून दाखवील.