साहेबाच्या खुंट्या

रेल्वे असून मी आमगावले सासरी बैलगाडीनं कायले जातो, विचारता? हसू नका मग.

आमगावच्या गाडीवरचा गोरा गार्डसाहेब मले गिटारीवर ब्लूज नावाचं विलायती गाणं शिकवत होता. म्हणे, "बीच में कहीं भी घूम, पर मैं कॉर्ड बदलूं, तो उसी के सुर पे उतरना."

रेल्वेच्या हॉलात आम्ही दोघं वाजवाले बसलो. माझा हात गावच्या दंडारीच्या खेळात पेटीवर तयार झालेला. फिरून फिरून मी आपला 'सा'वरच उतरलो. साहेबानं तर कॉर्ड, म्हणजे खालची सुरांची जुडी, बदलली होती. सूर खड्यासारखा टोचला. मले वाटलं, साहेबाचीच गिटार उतरली. भर कार्यक्रमात त्याले थांबवून मी त्याच्या खुंट्या पिळल्या!

पुढून सासरे ओरडले, "पाहा, जावयानं साहेबाची चूक पकडली!"

टाळ्याच टाळ्या. सगळ्यात जोरात साहेबानंच वाजवल्या. चूक माझीच होती, हे मले मागून समजलं.

आता त्याच्या गाडीत कोणत्या तोंडानं बसू?